घरामागे एक हात

सकाळी स्तानियाने दाराला खांदा लावला, तरी ते बसेना. चौकट पुन्हा तिरकी झाली होती. तिने मक्याची उकड चुलीवरून उतरवली, वर चीज कुस्करलं आणि लहानग्या लेकीला, यागोदाला वाढलं. आज गावच्या संताची मिरवणूक होती आणि नंतर चर्चच्या अंगणात सभा. डोंगर खचतोय, वरची आळी खाली हलवा, असं राजधानीहून आलेली भूगर्भतज्ज्ञ बाई सांगून गेली होती. सरकार जागा द्यायला तयार होतं, पण गावाने हो म्हटलं तरच. स्तानियाचं घर त्या आळीतलं शेवटचं, डोंगराला टेकलेलं. नवरा गेलेला, माहेर मोडलेलं. ती दुसरीकडे जाणार तरी कुठे?

गावाने हो म्हणावं, मिरवणुकीत संताच्या तसबिरीला हात लावून तिने तेवढंच मागितलं.

सभेत सरपंच वुकोता उभा राहिला. तो तिचा थोरला दीर. "त्या बाईने चार खुंट्या ठोकल्या आणि तिला डोंगर कळला? माझा आजा सांगायचा, हा डोंगर हलत नाही. आपला संत राखतो त्याला."

"भावजी, माझं दार बसत नाही हो," बायकांनी उभं राहायचं त्या कुंपणाबाहेरून स्तानिया म्हणाली.

"मग सुताराला बोलव की! दारासाठी सरकार कशाला?" कोणीतरी ओरडलं आणि सगळं अंगण हसलं.

हात वर झाले. दोन्हीकडे सारखेच. स्तानियानेही होकारासाठी हात वर केला होता.

"तुझा नाही धरता येत गं," वुकोता हळू आवाजात म्हणाला. "घरामागे एक हात, तोही पुरुषाचा. तुझ्याकडे ना नवरा, ना मुलगा. अशा घराची चूल विझलेली. मी नाही, बापजादे म्हणत आलेत."

रोज पहाटे ती फुंकून पेटवायची, ती चूल विझलेली! सरपंचाने आपलं जादा मत नकाराकडे टाकलं आणि राकिया दारूची बाटली फिरली. शास्त्राचं माप आणि वाडवडिलांची आठवण, यांतून गावाने निवड केली, असं पुढे सगळे म्हणत राहिले. पण ती आठवण निम्म्या गावाची होती. उरलेल्यांना काय दिसतं, हे कोणी विचारलंच नाही.

शरदातल्या पावसात डोंगर खाली आला. स्तानिया गोठ्यात धार काढत होती म्हणून वाचली. यागोदा अंथरुणात होती.

पोरीला मातीआड केल्यावर सभा पुन्हा भरली. या वेळी वाद नव्हता. सगळे हात वर गेले आणि खाली आले. कुंपणाच्या आत येऊन उभ्या राहिलेल्या स्तानियाचा मात्र खाली आला नाही.

"झालं गं, सगळे हो म्हणाले," वुकोता मान खाली घालून पुटपुटला. "आता तुझ्या मताची गरज नाही. घे हात खाली."

"मोजा, भावजी," ती म्हणाली. "मग घेते."