डब्यावरचं वासरू

किल्ल्या घासण्यात ज्याची तीस वर्षं गेली, त्याला समोरच्या प्रत्येक माणसात अर्धा चोर दिसतो. कुलूपवाल्याचं तसंच झालं होतं. "किल्ली हरवली हो" म्हणत कुणी आलं, की तो आधी त्याचं तोंड न्याहाळायचा, मग कुलूप. पण सख्ख्या बहिणीवर संशय घ्यायची वेळ येईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

बहीण धाकटी, लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करायची. महिन्यापूर्वी ती एक पत्र्याचा डबा घेऊन दुकानात आली. डब्यावर फोटो चिकटवलेला: टपोऱ्या डोळ्यांचं तांबूस वासरू, पुढच्या पायाला बँडेज.

"दादा, वीटभट्टीमागच्या खड्ड्यात टाकून दिलेलं सापडलं रे. ऑपरेशन करायचंय. ठेव ना काउंटरवर, तुझ्याकडे चार माणसं येतात."

त्याने ठेवला. वासराचे डोळे बघून लोक विरघळायचे. सुट्टे पैसे डब्यात जायचे, कधीकधी नोटाही. शेजारच्या शाळेतल्या मास्तरीणबाई तर रोज चौकशी करायच्या, "कसं आहे हो आपलं वासरू?"

एके दिवशी धाकटी डबा रिकामा करायला आली आणि डॉक्टरांची पावती काउंटरवर विसरून गेली. कुलूपवाल्याने सहज वाचली. 'मागचा उजवा पाय, जखम साफ करून टाके.' त्याने मान वर करून फोटोकडे पाहिलं. बँडेज पुढच्या पायाला.

झालं, डोक्यात किडा शिरला. मग एकेक आठवायला लागलं. वासरू बघायला येतो म्हटलं की धाकटी विषय बदलायची. "डॉक्टर नको म्हणतात, माणसं बघून बुजतं." आणि मेहुण्याने परवाच नवी स्कूटर घेतली होती. कुठून आली? रात्री त्याने बायकोजवळ विषय काढला तर ती उखडली. "स्वतःच्या बहिणीबद्दल असं बोलवतं तरी कसं तुम्हाला?"

"पाणी कुठेतरी मुरतंय," तो एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दुकानाचं शटर ओढून तो जनावरांच्या दवाखान्यात गेला. कंपाउंडर औषधाच्या बाटल्या धूत होता.

"ते वासरू कुठे ठेवलंय? पायाचं ऑपरेशन झालेलं?"

"वासरू?" कंपाउंडरने मान हलवली. "दोन महिन्यांत एकही वासरू आलं नाही इथे."

कुलूपवाल्याच्या पायाखालची जमीन सरकली. मास्तरीणबाईंना काय सांगायचं? तो मागे वळला, तेवढ्यात पत्र्याच्या शेडमधून ओळखीचा आवाज आला. "अरे मेल्या, उभा राहा की सरळ! तुझ्याच पायाचं करतेय ना?"

तो शेडमध्ये डोकावला. आत एक म्हातारं खेचर उभं होतं. कान फाटका, पाठीवर ओझ्याचे घट्टे, एका डोळ्यात फूल पडलेलं. मागच्या उजव्या पायाशी बसून धाकटी जखम पुसत होती. मेहुण्याने तोंडाची दोरी धरली होती, आणि त्याच्या स्वतःच्या दंडालाच पट्टी होती.

"चावलं," मेहुणा ओशाळून म्हणाला.

धाकटी उभी राहिली. "मागावर आलास, दादा?"

"वासरू कुठाय?"

"नाहीच वासरू. आधी लॉन्ड्रीत याचाच फोटो लावला होता. आठ दिवसांत दोन नाणी पडली आणि एक बटण. खेचराला कोण देतं रे? मग एका जुन्या कॅलेंडरवरचं वासरू कापलं, पायावर पांढऱ्या रंगाने बँडेज काढलं आणि चिकटवलं."

"लोकांना फसवलंस तू."

"फसवलं. पण पै न् पै इथेच लागली, डॉक्टरांना विचार." मग तिचा आवाज फाटला. "तू मात्र मला चोर समजलास."

समजला होताच तो.

दुसऱ्या दिवशी त्याने वासराचा फोटो खरवडून काढला आणि खेचराचा लावला. येईल त्याला स्वतःहून खरं सांगितलं. काहीजण हसले, काहींनी नाकं मुरडली. मास्तरीणबाई लालबुंद झाल्या. "माझी नोट परत द्या," म्हणाल्या. त्याने गल्ल्यातून काढून मुकाट्याने दिली. त्यानंतर त्यांनी दुकानासमोरून जायचंच सोडलं. डब्यात पडणारे पैसे निम्म्याहून कमी झाले. उरलेलं बिल त्याने भरलं, त्यापायी बायकोचे चार शब्दही ऐकले. स्कूटरचं मात्र त्याने कधी विचारलं नाही. विचारायचं तोंडच राहिलं नव्हतं.

धाकटी पंधरा दिवस बोलली नाही. वहिनीला फोन करायची आणि दादाने उचलला तर ठेवून द्यायची. मग एका सकाळी ती दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. आत काही आली नाही.

"आज टाके काढायचेत. यांचा हात अजून बरा नाही. पाय धरायला माणूस हवाय."

कुलूपवाला हातातली कानस तशीच टाकून निघाला. शेडमध्ये गुडघे टेकून त्याने तो खरखरीत पाय दोन्ही हातांनी धरला. खेचर फुरफुरलं, थरथरलं.

"घट्ट धर," धाकटी म्हणाली. "सोडलास तर लाथ तुलाच बसेल."

त्याने सोडला नाही. सगळे टाके निघेपर्यंत तो तसाच बसून राहिला. मग खेचराने पाय जमिनीला लावला, अंदाज घेतला, आणि लंगडत का होईना, चार पावलं टाकली.