उंबऱ्यावरून उचललेली फळी

मित्रांनो, मी एक जुनी सागाची फळी आहे. माझ्या पाठीवर खळीचे डाग आहेत आणि खालच्या कडेला सायकलच्या ट्यूबचे रबर ठोकले आहे. ही सोयरीक कशी जुळली, तेवढे ऐकून घ्या.

सुताराने मला पुस्तके दाबण्यासाठी घडवले. एका वेळी आठ पुस्तके मावतील, एवढी मी लांब. बाइंडरकाका पुठ्ठा चढवायचे, मला वर ठेवायचे आणि दाबाचा स्क्रू आवळायचे. विद्यार्थ्यांचे प्रबंध माझ्याखाली वाळायचे आणि अंगावर सोनेरी अक्षरे लेवून पदवी आणायला निघायचे. आपल्या भाराखाली विद्या सरळ होते, असा मला तेव्हा गर्व होता.

एका वर्षी मागचा नाला फुगून दुकानात शिरला आणि कागदाच्या थप्प्यांचा चिखल झाला. पुढच्या वेळी काकांनी मला उचलून दारात आडवे लावले. समोरचा पंक्चरवाला खो खो हसला. "काका, पुस्तकं दाबता तसं पाणी दाबणार का आता?"

पाणी माझ्याखालून आलेच. दुसऱ्या दिवशी तोच पंक्चरवाला खाली मान घालून जुनी ट्यूब घेऊन आला. "ही ठोकून बघा. हसलो त्याचा दंड समजा."

तरीही फट राहिली, कारण उंबरा पावलांनी झिजून मध्ये खोलगट झाला होता. तेव्हा काकूंनी कागदाचा लगदा कालवला, उंबऱ्यावर थापला आणि वाळल्यावर त्याचा ठसा उचलला. काकांनी त्या ठशाबरहुकूम माझी खालची कड तासली आणि रबर पुन्हा ठोकले. मला छोटेसे पोट सुटले आणि ते त्या खळग्यात असे बसले, की मुंगीलाही वाट उरली नाही. माझ्यावर आणखी दोन फळ्या चढत, पण त्या नुसत्या वरच्या. पाणी अडवायची ती मीच. पुढे गल्लीतल्या बाराही दारांना अशा फळ्या झाल्या, ज्याच्या त्याच्या उंबऱ्याच्या मापाने. नऊ वर्षे नाला दारापर्यंत आला आणि नमस्कार करून परत गेला.

मग ताई आली. शहरांत नव्या युक्त्या कशा जन्मतात आणि त्यांच्या बळावर शहरे संकटातून कशी तगून राहतात, यावर ती पीएच.डी. करत होती. प्रबंध बांधायचा भाव विचारायला आली आणि मला बघून तिथेच बसली. दोन वर्षे येत राहिली. कोणी काय सुचवले, कोण हसले, कोणी कोणाचे उचलले, सगळे लिहून घेतले. काकू तिला ऊन जेवण वाढायच्या.

"याला लवचीकता म्हणतात, काका," ती म्हणायची.

"म्हणजे वाकून न मोडणं ना? मग आमच्या हिचं कंबरडं मोजून घे," काका हसायचे.

तोंडी परीक्षेच्या आधी ती म्हणाली, "काका, परीक्षकांना खरी फळी दाखवायचीय. आठ दिवसांत आणून देते."

"ने की, पोरी. विद्येचं काम आहे."

परीक्षकांनी माझ्या पोटावरून हात फिरवला. टाळ्या झाल्या. ताईला पदवी मिळाली, पाठोपाठ नोकरी लागली. तिच्या मार्गदर्शक सरांनी मला त्यांच्या संस्थेतल्या काचेच्या कपाटात उभे केले आणि खाली पट्टी लावली, 'नमुना क्रमांक सात'. जन्मात कोणी केले नाही एवढे माझे कौतुक झाले, आणि जन्मात आला नव्हता एवढा कोरडेपणाही वाट्याला आला.

काका दोनदा मागायला आले. कारकून म्हणाला, "आता ही संस्थेच्या यादीत आहे. अर्ज द्या, समिती बसेल."

"समिती बसेपर्यंत नाला थांबेल का, साहेब?"

काकांनी ताईला फोन केला. "परवा नक्की, काका," ती म्हणाली. असे किती परवा गेले! मधल्या काळात तिने प्रबंधाच्या शेवटच्या प्रती मात्र बांधायला पाठवून दिल्या. पंक्चरवाला म्हणाला, "दुसरी फळी तासून घ्या." काका म्हणाले, "तिनं शब्द दिलाय. दुसरी केली तर पोरीवर विश्वास नाही, असं होईल." हे सगळे, आणि पुढचेही, मला काकूंच्या तोंडून नंतर कळले.

मग एका पावसाळ्यात वरच्या धरणातून भर दुपारी पाणी सोडले आणि नाला फुगला. काकांनी साधी फळी लावली, पोती कोंबली. पाणी उंबऱ्याच्या खळग्यातून आत शिरले. अकरा दारे तगली. ज्या दारात युक्ती जन्मली, तेच बुडाले. कागद गेला, कटिंग मशीन गेली, ताईच्या प्रतीही गेल्या. तिच्या प्रबंधाला संगणकातून दुसरा जन्म मिळाला. मशीनला कुठून मिळणार?

महिन्याने ताईने मला कपाटातून काढले. तेव्हा अर्ज लागला नाही, समितीही बसली नाही. ती मला पदरातल्या लेकरासारखे कवटाळून गल्लीत आली. धंदा मोडला होता, दुकान रिकामे होते. जागेच्या मालकाने नव्या भाडेकरूसाठी उंबरा फोडून गुळगुळीत फरशी बसवली होती. काका टेम्पोत सामान चढवत होते. तिला पाहून ते पुढचा गठ्ठा उचलायला वळले.

काकूंनी मला दारात लावून पाहिले. माझे पोट फरशीवर टेकले आणि दोन्ही टोके हवेत राहिली. मी पाळण्यासारखी डुलू लागले.

"काकू, मी..." ताईला हुंदका फुटला.

"रडू नकोस गं. फळीत काही खोट नाही," काकू म्हणाल्या. "तिचा उंबराच राहिला नाही."

आता मी पंक्चरवाल्याच्या दारात बाक झाले आहे. गिऱ्हाईक बसले की डुलते आणि लोक हसतात.

मित्रांनो, शिकायला कोणाच्याही दारी जा. देव तुमच्या विद्येला यश देवो. पण त्या दारातून काही उचलून नेलेत, तर पदवीचा कागद हाती घेण्याआधी ते जागेवर ठेवून या. तुमच्यासाठी जो नमुना असतो, तो कोणाचा तरी बांध असतो.