हवेचं शिक्षण
सहादेव नगरच्या एका दवाखान्यात हवेचा माणूस होता. म्हणजे ऑक्सिजनचे सिलिंडर वॉर्डात न्यायचे, चावी फिरवायची, बाटलीत बुडबुडे नीट येतात का बघायचं आणि रोग्याच्या तोंडावर मास्क बसवायचा. गावाकडे हे सांगायची सोय नव्हती. "हवा द्याया पगार मिळतो व्हय रं?" असं विचारून पारावरची रिकामटेकडी मंडळी पोट धरून हसायची. हसेनात का! मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात श्वासोपचाराचं वर्षभराचं शिक्षण निघालं होतं. श्वासाची यंत्रं येताहेत, ती चालवणारी माणसं लागतील, उद्या जिल्ह्याजिल्ह्यात जागा निघतील, असं वॉर्डच्या सिस्टर सांगायच्या. तिथले डॉक्टर मुलाखती घ्यायला नगरला येणार होते. सहादेवला ती जागा मनापासून हवी होती. जन्मभर सिलिंडर ढकलायची त्याची तयारी नव्हती.

त्यातच त्याची आई आजारी पडली. दुष्काळाचं साल, गोजरबाई खडी फोडायच्या कामावर जात होती. आधीच दमेकरी, त्यात ती धूळ. एसटीनं तिला नगरला आणली तेव्हा ओठ निळे पडले होते. सहादेवनं तिला पाठीशी उशा देऊन बसतं केलं, मास्क लावला आणि जाणाऱ्या माणसाबरोबर गावी निरोप धाडला, "आईला हवा लावलीय, काळजी करू नका."

इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. गावात पक्की समजूत होती की नाकातोंडाला नळी लागली की माणूस गेल्यात जमा. सहादेवनं धाडला धीर आणि गावानं ऐकला मरणाचा सांगावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरबाईच्या ओठांवर रंग आला. मास्क जरासा बाजूला ओढून ती म्हणाली, "च्या मिळंल का रं, सादेवा?" तो तिच्यावर खेकसला, "आये, त्याला हात लावू नगं म्हन्लं ना!" आणि मनातून सुखावला.

दुपारी त्याची आत्या साळूबाई भावकीला घेऊन आली. पदराआड गंगाजलाची तांब्याची लोटी, त्यात तुळशीचं पान. दारातूनच तिनं गळा काढला. रात्रभर जागून गोजरबाईचा तेव्हा कुठं डोळा लागला होता. मिटलेले डोळे पाहून आत्याला वेगळं काही दिसलंच नाही.

"खाटंवर जीव जाऊ द्यायचा न्हाई. खाली घ्या वैनीला!"

"आत्या, ती झोपलीय. बरी हाय आता."

"बरी हाय तर त्वांडाला ह्ये कशापायी बांधलंय? पोटचा ल्योक उभा हाय आन् माय कोरड्या तोंडानं चाललीय. पाज पानी!"

डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात, सिस्टर जेवायला गेलेल्या. चौघांनी गोजरबाईला खाली घेऊन आडवी केली. दमेकऱ्याला आडवं करायचं नाही, हे सहादेवला पाठ होतं. पण सगळी भावकी त्याच्याकडे बघत होती. त्यानं मास्क उचलला आणि आईच्या तोंडात पळीभर पाणी घातलं.

तिला ठसका लागला. ठसका थांबलाच नाही. सहादेवनं तिला उठवून बसवलं, मास्क दाबून धरला, चावी पुरी उघडली. बाटलीत बुडबुडे नुसते येत राहिले.

"सोन्यासारखं मरान आलं," आत्या म्हणाली. सहादेव रडला नाही. क्रियाकर्म, दहावा, तेरावा, सांगतील ते तो करत गेला. कुणी जेवायला बसवलं की जेवायचा. आतून सगळं बधिर झालं होतं.

मुलाखतीला तो मुंडण केलेल्या डोक्यानं गेला. सोबत आत्या होतीच. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, "धाप लागलेला पेशंट सुधारतोय हे कशावरून ओळखाल?"

"ओठांचा रंग पालटतो," सहादेव म्हणाला. "झोप लागते. चहा मागतो."

"पाहिलाय असा पेशंट?"

"माझी आई. वाचली असती. नातेवाइकांनी खाली निजवली. मास्क मी काढला आणि पाणी पाजलं." त्याचा आवाज अगदी सपाट होता, सिलिंडर संपला म्हणून वर्दी द्यावी तसा.

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"साहेब, मला नापास करा," सहादेव म्हणाला. तो एवढंच मागायला आला होता. कुणीतरी त्याला दोष द्यायला हवा होता.

"तुम्हाला नापास करून ती परत येणार आहे का?" डॉक्टर हळूच म्हणाले. "आता तुम्ही कुणाला मास्क काढू देणार नाही. पहिल्या तारखेला मुंबईला या."

"बरं," म्हणून तो बाहेर आला.

आत्या पायरीवरून धडपडत उठली. "काय झालं रं?"

"घेतलं मला."

तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. तिचे डोळे भरून आले होते.

"घेनारच! तुझ्या हातचं पानी पिऊन गेली माय. तिचाच आशीर्वाद हाय ह्यो."