कुसुमबाईची ओळ

आदिनाथने पडद्यावरचं नाव निवडलं आणि पुढच्या ओळीसकट पुसून टाकलं. कुसुमबाई. त्या जागी ‘निरोप्या’ असं लिहून पान वेबसाइटवर चढवलं. फोनवर उघडून पाहिलं. गेलं होतं.

मघाशीच शेजारच्या राजेश्रीचा, कुसुमबाईच्या सुनेचा, फोन आला होता.

“भावजी, तुमची वेबसाइट वाचली. आतलं पण. आत्याबाईंना दाखवली. दुपारी यायल्यात तुमच्याकडं.”

आवाजावरून काही कळलं नाही. त्याने विचारलंही नाही.

परभणीच्या दुकानदारांना वेबसाइट करून देणारा आदिनाथ झरी गावातल्या घरात बसून स्वतःची वेबसाइट सजवायचा. तिच्यात ‘आतून’ नावाचं एक पान होतं. कुणालाही वाचून कळावं म्हणून सगळा कोड तिथे उघडा ठेवलेला. प्रत्येक भागाला गल्लीतल्या माणसाचं नाव, आणि वर तिरक्या दोन रेघा मारून एक ओळ. त्या रेघांपुढचं मशीन वाचत नाही. ते फक्त माणसांसाठी असतं.

// किशनराव : दारात बसतो. येणाऱ्याला विचारतो, कुठले पाव्हणे?
// कमलबाई : माझी आई. फोन लहान असो की मोठा, सगळ्यांना जागा करून देते.
// कुसुमबाई : हिला एक सांगितलं की गावभर होतं. म्हणून निरोप पोचवायचं काम हिच्याकडे.

पुण्याहून, नागपूरहून अनोळखी लोकांनी कळवलं होतं, कोड पहिल्यांदाच समजला. तिसऱ्या ओळीला सगळ्यात जास्त हसले होते. तोही हसला होता. जिज्ञासूंसाठी लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर लांबची माणसं होती. झरीतलं कुणी जिज्ञासू असेल, हे मनातच आलं नव्हतं.

गल्लीत बारसं असो की मयत, सांगावा कुसुमबाईच न्यायची. त्याचे वडील गेले तेव्हा घरोघरी फोन नव्हते. भर उन्हात पेडगावला आत्याकडे तीच गेली होती.

// हे पुसताना आठवलं. लिहिताना आठवलं नव्हतं.

दार वाजलं नाही. कुसुमबाई कधीच वाजवत नसे. इस्त्रीची साडी नेसून ती थेट आत आली. मागे तिची बहीण नर्मदाबाई, तिच्या मागे राजेश्री.

आदिनाथ उठला. “काकू, ते मी...”

“आधी खुर्ची दे हिला. राणीसावरगावाहून आली, गुडघे दुखायलेत तिचे. आन् ते लाव. माझं नाव दाव हिला.”

त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला.

“कम्प्युटरात नाव आलंय म्हणं,” नर्मदाबाई टेकत म्हणाली. “आल्यापासून कान खाल्लेत माझे. मी म्हणलं, रेशन कार्डावर तरी नीट आलंय का गं तुझं?”

“तू बघ तर आधी.”

पान उघडलं. किशनराव. कमलबाई. निरोप्या. राजेश्रीने आदिनाथकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे.

“मघाशी होतं,” ती म्हणाली.

नर्मदाबाई चौथी शिकलेली. तिने पडद्यावर बोट ठेवून एकेक नाव लावलं. “किशनरावाचं हाय, कमळाचं हाय. तुझंच तेवढं न्हाई. लाज वाटली असंल पोराला.”

// वाटली होती. पण काकूची नव्हे.

कुसुमबाईने पदर सारखा केला. तो सारखाच होता.

“जुनं पान लागलंय, काकू,” आदिनाथ खोटं बोलला. “थांबा जरा.”

त्यांच्याकडे पाठ करून त्याने नाव लिहिलं. एक अक्षर चुकलं, पुन्हा लिहिलं. पुढची ओळ लिहिताना अर्धी गाळली.

// कुसुमबाई : निरोप पोचवायचं काम हिच्याकडे.

राजेश्रीने ती मोठ्याने वाचली. जेवढी होती तेवढीच.

“म्हंजी कुठून बी कुणी याला निरोप धाडला,” नर्मदाबाईने विचारलं, “की तू आणून देणार?”

“मंग! तिथं बी मीच.”

“फुकटच का?”

“चहा पाजंल की. कमळा, ठेव गं आधण! लय मोठी पाव्हणी आलीय.”

चहा झाला. दोघी बहिणी एकमेकींना धरून पायऱ्या उतरल्या. राजेश्री मागे राहून चपला घालत होती.

“वहिनी,” आदिनाथ हळूच म्हणाला, “तुम्ही त्यांना अर्धीच वाचून दाखवली होती ना? बरं केलंत.”

“अर्धी कुठली? सगळी वाचली. परत वाच म्हणाल्या, परत वाचली.”

त्याने वळून पडद्याकडे पाहिलं.

“मग म्हणाल्या, पहिली अर्धी ओळ हाय ती नर्मदीला सांगू नको. कुणालाच सांगू नको.” तिने चपलेचा पट्टा ओढला. “आणि साडीला इस्त्री करून दे म्हणाल्या.”

ती गेली. आदिनाथ उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथूनच मागे सरला. गल्लीत कुसुमबाईने किशनरावाला थांबवलं होतं. टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती त्याला सांगत होती. मघाशी नर्मदाबाईसमोर वाचलं तेवढंच.