सोपानमामाचा निरोप

ज्या दिवशी टीव्हीवर सोपानमामाचा शेवटचा भाग होता, त्याच दिवशी सकाळी सीमेवर असलेला आमचा ऋत्विक गेल्याचा फोन आला. तासाभरात सगळ्या गावाला कळलं. फक्त त्याच्या आईला कळू द्यायचं नाही, असं चार पुरुषांनी पारापाशी उभं राहून ठरवून टाकलं.

मी शाहीन. ऋत्विकच्या घरात आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. माझा नवरा मतीन गावात केबल चालवतो आणि मी शिलाई मशीन. लग्न होऊन या गावात आले तेव्हा मी मशीनची सुई तुटली तरी ऋत्विकच्या आईकडे, पुष्पामावशीकडे जाऊन रडायचे. म्हणून तिच्यावर नजर ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

ते सांगायला पोलीस पाटील माणिकराव स्वतः आमच्या दारात आले. सीमेवर तोफा सुरू झाल्यापासून मोबाईलवर नाही नाही ते फिरत होतं आणि तेव्हापासून माणिकराव मला बघितलं की मान वळवत होते. त्या दिवशी मात्र तोंडातून 'भाभी' निघालं.

"शाहीन भाभी, गाडी उद्या सकाळी येते. तोवर बाईले समजू द्याचं नाई. तिच्या छातीत स्प्रिंगा बसवेल हायेत. तुमी तिच्यापाशीच बसा."

"आन् उद्या?" मी म्हटलं. "उद्या छाती बदलून येते का तिची?"

"उद्याचं उद्या पाहू," ते म्हणाले आणि मतीनला केबल बंद करायला सांगून निघून गेले. बातम्यांत ऋत्विकचा फोटो दाखवतील ही भीती. एका बाईसाठी सगळ्या गावाचे टीव्ही बंद झाले. मावशीचा साधा फोन तिच्या नवऱ्याने, भगवंतरावांनी, रिचार्जचं निमित्त करून खिशात घातला आणि ते जे घराबाहेर पडले ते निंबाखालच्या ओट्यावर जाऊन बसले. मला इतका राग आला होता की मशीनवर बसले तर कापड फाडलं असतं. ज्या बाईने पोरगा जन्माला घातला, तिलाच रांगेत शेवटी उभं करायचं, ही कुठली रीत!

आता सोपानमामाचं सांगते. 'चौकी नंबर चौदा' नावाची एक विनोदी मालिका लागायची. जुन्या एका लढाईतली, डोंगरावरची चौकी आणि तिथे अडकलेले जवान. सोपानमामा हा त्यांचा स्वयंपाकी, टकला, ढेरपोट्या आणि महाभित्रा. पण तोफगोळा पडला की सगळे जवान खंदकात उड्या मारायचे आणि हा भित्रा पातेल्याला मिठी मारून पलीकडच्या फौजेवर खेकसायचा, "थांबा रे, भात उतरू द्या!" आमच्या गावात ते वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं. मलकापूरला जाणारी बस सुटायला लागली की मागून धावत येणारी बाईसुद्धा कंडक्टरला तेच ओरडून सांगायची.

पुष्पामावशीचा तर त्याच्यावर भारी जीव. ऋत्विक फोन करायचा तेव्हा मागे धडाम् असं काहीतरी वाजायचं. ती विचारायची, "काय वाजलं रे?" तो म्हणायचा, "काई नाई आई, सोपानमामाचा कुकर." ती हसत हसत फोन ठेवायची आणि मला भिंतीपलीकडून हाक मारून सांगायची की पोरगा बरा आहे, जेवण वेळेवर मिळतं. तिच्यासाठी तो मामा म्हणजे तिच्या पोराला वाढणारा माणूस होता.

मामाचं काम करणारा नट मालिका सोडून चालला होता, म्हणून त्या संध्याकाळी मामाच्या निरोपाचा भाग होता. मावशीने आधीच गल्लीतल्या बायकांना आवतन दिलं होतं. सगळ्यांनी तिच्याकडे बसून बघायचं आणि मग तिच्या हातचा मसालेभात खायचा. "त्यानं साऱ्यायले जेवू घातलं," ती म्हणाली होती, "जातानी त्याच्या नावानं आपून भात खाऊ."

म्हणजे त्या दिवशी तिला चूल पेटवायची होती. आणि ज्या घरात मयत झाली त्या घरात चूल पेटत नाही. यात आमचं-तुमचं काही वेगळं नाही, आमच्यातही शेजारपाजारचे जेवण आणून देतात. पुरुषांनी केबलचा विचार केला, फोनचा केला, चुलीचा कोणीच केला नाही. तो बायकांच्या अंगावर आला.

सकाळी मी गेले तर भगवंतरावांची थोरली बहीण जनकाबाई आधीच स्वयंपाकघरात उभी. मावशी नहाणीत होती तेवढ्यात तिने सिलिंडरचा खटका फिरवला आणि लायटर कमरेला खोवला. माझ्याकडे बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. तिचे डोळे सुजलेले होते. मावशीने बाहेर येऊन डोळ्यांचं विचारलं, तर जनकाबाई म्हणे रात्री झोप नाही, उन्हाळा फार.

"सिलिंडर संपलं वं पुष्पा," जनकाबाई म्हणाली. "गाडीवाला येईल उद्या."

"येवढ्यात कसं संपलं?"

"मावशी, च्या माह्याकडे घे," मी मध्येच म्हटलं आणि घरून चहा आणला. तो चहा पिताना ती नेहमीसारखी भगवंतरावांच्या घोरण्याची चेष्टा करत होती. मी हसले. कसं हसले ते अल्लाला माहीत.

मग ताटं यायला लागली. पहिल्यांदा जनकाबाईच्या घरून पिठलं-भाकर. मग समोरच्या संजीवनीकडून वरण आणि पोळ्या. कुठून तरी वांग्याची भाजी आली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि खरं तर सांगायची गरजही नव्हती. गावात मयत झाली की बायकांचे हात आपोआप शेजारच्या घराकडे वळतात. ज्यांनी तोंडं शिवून घेतली होती, त्यांना हात आवरता आले नाहीत. प्रत्येक ताटावर ज्याच्या त्याच्या घराचं नाव टाकलेलं होतं.

"आज मी काय बाळंतीण हावो का वं?" मावशी हसून म्हणाली. "सारी गल्ली मले खाऊ घालून राह्यली!"

संजीवनी पदर तोंडाला लावून निघून गेली. मावशी तिच्या पाठीकडे बघत राहिली, मग जेवायला बसली. भगवंतरावांना हाक मारली तर ते भूक नाही म्हणाले.

दुपार कलल्यावर मावशीला मालिकेची घाई झाली. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. तिने मतीनला भिंतीवरून हाका मारल्या. "मतीन, बाबू, आज तरी दगा देऊ नको रे! मामा चालला माहा!" मतीन वायर तुटली म्हणाला, मशीन जळलं म्हणाला, एकाच दमात दोन्ही. त्याला खोटं धड बोलताही येत नाही.

मी तडक निंबाखाली गेले.

"काका, तुमीच सांगा ना मावशीले," मी म्हटलं. "येवढं सारं गाव तिच्यापासून तोंड लपवून राह्यलं. हे बरं दिसते का?"

भगवंतरावांनी वर बघितलं. सकाळपासून हनुवटीला लावलेला हात त्यांनी तसाच ठेवला होता.

"कसं सांगू पोरी?" ते म्हणाले. "ते अजून हासून राह्यली. उद्यापासून हासनार नाई. ते हासनं म्या माह्या हातानं बंद करू का?" मग माझ्या मागोमाग आलेल्या मतीनला म्हणाले, "लावून दे बाबू. तेवढा एक चॅनल लाव. मामाले पाहू दे तिले."

मी भांडायलाच गेले होते. तशीच परत आले.

सातच्या सुमाराला बायका जमल्या. एरवी या मालिकेला आम्ही बसलो की बाहेरच्या माणसाला वाटावं इथे हळद आहे, इतका कालवा. त्या दिवशी जी ती भिंत शोधून बसत होती. मावशी सगळ्यांना पाट, सतरंज्या देत फिरत होती. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि मला आतून खटका फिरल्याचा आवाज आला.

"जनकाबाई, सिलिंडर तं भरेल हाये!" ती म्हणाली. "खटका कोनं बंद केला?"

लायटरही जागेवर नव्हता. तिने देवघरातली काडेपेटी घेतली. जनकाबाई अर्धवट उठली, तिचा हात पुढे झाला आणि तसाच खाली आला. काय म्हणून अडवणार? मावशीने गॅस पेटवला, फोडणी टाकली, तांदूळ धुऊन ओतले, आच मंद केली आणि हात पुसत बाहेर येऊन आमच्यात बसली. भाताचा वास सुटला. त्या घरात, त्या दिवशी.

भाग सुरू झाला. आम्हाला सगळ्यांना धास्ती होती की मामाला मारतात की काय. पण नाही, फार हसवणारा भाग होता. मामाला घरी जायची परवानगी मिळते. जवान वर्गणी काढून त्याला नवा कुकर भेट देतात आणि तो कुकर बाँब समजून मामाच पळत सुटतो. मावशी खो खो हसली. नेहमीसारखी मांडीवर थाप मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि त्या खोलीत ती एकटीच हसत होती.

शेवटी मामा गाडीत चढतो. तेवढ्यात पलीकडून गोळे पडायला लागतात. मामा गाडीतून उतरतो, कुकर डोक्यावर धरून त्या डोंगराकडे तोंड करून ओरडतो, "थांबा रे! आज मी घरी चाललो!" आणि खरंच तोफा थांबतात. पलीकडून कोणीतरी विचारतं, "उद्यापासून भात कोण करणार?" मामा गाडीत बसतो आणि गाडी उतारावरून घराच्या वाटेला लागते.

पहिला हुंदका संजीवनीला फुटला. मग जनकाबाईला. मग खोलीतल्या एकेका बाईला. सकाळपासून दाबून धरलेलं रडणं, त्याला मामाची गाडी ही वाट मिळाली. घरी चाललेल्या त्या खोट्या माणसाला बघून सगळ्या जणी पदरात तोंड खुपसून रडायला लागल्या. मीही.

मावशीचं हसणं अजून ओठांवर होतं. ती आमच्याकडे वळली.

"अवं, तो तं घरी चालला," ती म्हणाली. "जिता-जागता घरी चालला. तुमी काऊन रडून राह्यल्या?"

मावशी एकेकीच्या तोंडाकडे बघत गेली. मग तिची नजर स्वयंपाकघराच्या दारातून आत गेली. ओट्याखाली दुपारची ताटं घासून एकावर एक ठेवलेली होती. जनकाबाईचं, संजीवनीचं, इतरांची. ती उठली, दारापर्यंत गेली आणि वरच्या ताटावरच्या नावावरून तिने बोट फिरवलं.

"सकाळपासून माह्या घरात चूल पेटू देली नाई," ती हळूच म्हणाली. जनकाबाईशी नाही, स्वतःशीच. "सारी भांडी दुसऱ्याच्या घरची."

टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती. भगवंतराव दारात येऊन उभे होते, ते कधी आले मला कळलं नाही. मावशीने त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी मान खाली घातली. मग ती माझ्याकडे वळली.

"शाहीन, तू सांग," ती म्हणाली. "कोन गेलं?"

भगवंतरावांच्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या माणिकरावांनी मला खूण केली, नाही म्हणून. त्या खुणेकडे बघून माझा उरलासुरला राग निघून गेला, फक्त कंटाळा राहिला. आता खोटं बोलायला माझ्याकडे तोंडच नव्हतं.

"आपला ऋत्विक, मावशी," मी म्हटलं.

एकदम आकांत उठला. दिवसभर अडवलेला तो सगळा आवाज त्या छोट्या खोलीत फुटला. जनकाबाईने जमिनीवर डोकं आपटलं. बायका उठल्या, मावशीला धरायला धावल्या. भगवंतराव उंबऱ्यावरच बसले.

मावशीने हात वर केला.

"थांबा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, तरी सगळ्या थांबल्या. "भात उतरू द्या."

ती स्वयंपाकघरात गेली. तिने गॅस बंद केला, खाली वाकून सिलिंडरचा खटकाही फिरवला. फडक्याने धरून पातेलं उतरवलं आणि कोपऱ्यात भिंतीला लावून ठेवलं. मग शेजाऱ्यांची ती ताटं बाजूला सारून तिने जागा केली आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

"हं," ती म्हणाली. "आता रडा."