उघडी बरणी

पॅलेडियम धातूची कांडी एकच होती आणि प्रयोगाच्या पद्धती दोन. एकदा वापरली की कांडीला तडे जाणार, दुसरी कुठून आणायची? मॅग्ना गावातल्या आपल्या गॅरेजात, पीचच्या बरण्यांच्या फळीखाली, म्हातारा बॉइलरमिस्त्री व्हर्ल तासभर तेच दळण दळत होता. त्याची बायको नेड्रा ऐकत होती.

"उघडीच बरणी लावू," व्हर्ल म्हणाला. "डीलॉयने लावली तश्शीच. जड पाणी, कांडी, वीज. पाण्याचा वायू होऊन उडून जातो, त्याच्याबरोबरची उष्णता हिशेबात धरायची, की झालं!"

"झाकणाची लाव रे. वायूचं आतच परत पाणी होतं. धरायला काही नको, आणि कुणी नावं ठेवायला नको."

"म्हणजे माझा भाऊ खोटारडा?"

"मी असं म्हटलं का?"

"विद्यापीठातल्या शहाण्यांनी म्हटलं ना!"

म्हटलं होतं खरं. दोन वर्षांपूर्वी डीलॉयने याच गॅरेजात वीस दिवस कोल्ड फ्यूजनचा, म्हणजे साध्या बरणीत अणू जुळवून उष्णता काढायचा, प्रयोग केला. वहीत जास्तीची उष्णता आली, बिचारा नाचायचाच बाकी होता. शहाण्यांनी मात्र वहीतल्या पाण्याच्या नोंदीवर बोट ठेवलं. एवढा वायू उडाला असता तर तुम्हाला याच्या दुप्पट पाणी घालावं लागलं असतं. वायू बरणीतच जळला आणि तीच उष्णता तुम्ही दोनदा धरलीत. झालं! चर्चमध्येसुद्धा लोक विचारायला लागले, "ब्रदर डीलॉय, आमचं आंघोळीचं पाणी तापवून देता का?" त्याने हाय खाल्ली आणि त्याच हिवाळ्यात गेला.

"मी त्याचं नाव धुऊन काढणार," व्हर्ल म्हणाला. "त्याच्याच पद्धतीने."

नेड्राला आता लपवून ठेववेना. "व्हर्ल, पाणी मी घालत होते."

"कसलं पाणी?"

"वाफेच्या इस्त्रीत घालतात ते. बरण्या पुसायला यायचे तर कांडीचं टोक उघडं पडलेलं दिसायचं. बरणीतले पीच पाकाच्या वर आले की काळे पडतात ना, तसं वाटायचं. हात आपोआप जायचा. त्याला वाटलं पाणी फारसं घटत नाहीये. त्याने दिसलं तसं लिहिलं."

व्हर्ल स्टुलावर बसला. "तुला कधी कळलं?"

"त्यांचं पत्र त्याने वाचून दाखवलं तेव्हा."

"आणि गप्प बसलीस? त्याच्या मयतीच्या जेवणाला बटाटे भाजून आणलेस, नेड्रा! सगळ्यांना वाढलेस!"

"लाज वाटली रे."

मग त्याचा चेहरा जरा उजळला. "म्हणजे तो बरोबर होता. किती घालायचीस ते सांग, मी वही दुरुस्त करतो."

तिला रडू फुटलं. "मोजलं नाही. बरणी भरताना कुणी मोजतं का? आणि ते साधं पाणी होतं, त्याच्या जड पाण्यात मिसळलं. आता ती वही कशाचाच पुरावा नाही. तो बरोबर होता की चूक, कुणालाच सांगता यायचं नाही."

व्हर्लने उघडीच बरणी लावली. बाजारातून कुलूप आणून गॅरेजला लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. नेड्राचे पीच आतच राहिले. तिने मागितले नाहीत, आणि त्यानेही आणून दिले नाहीत.