तीन मेणबत्त्यांचा अभिप्राय

आठवीच्या पदार्थविज्ञानाच्या नव्या पुस्तकाचं हस्तलिखित बाईंच्या टेबलावर येऊन अकरा दिवस झाले होते. चर्चच्या शिक्षण मंडळाने ते तपासायला पाठवलं होतं. सोबत एक छापील कागद होता. मजकूर बरोबर आहे का, भाषा मुलांना समजेल का, आणि शेवटी, पुस्तक आपल्या श्रद्धेला धरून आहे का. उद्या मंडळाची बैठक, परवा पुस्तक छापखान्यात. मंडळाच्या सगळ्या शाळांत तेच लागणार होतं.

चौतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना आता कोणाचंही काही तपासायचा कंटाळा आला होता. डोळे दुखत, मान अवघडे. पण पुस्तक लिहिलं होतं मॉनिटरने. तिसऱ्या बाकावरची, वर्गाच्या किल्ल्या सांभाळणारी ती मुलगी आज एका शाळेची मुख्याध्यापिका होती, तरी बाईंच्या तोंडी ती मॉनिटरच राहिली. पहिल्याच पानावर तिने पुस्तक बाईंना अर्पण केलं होतं. नाही म्हणायचं कसं?

बाईंची तपासायची रीत जुनी. पुस्तकातला प्रयोग स्वतः केल्याशिवाय त्यावर बरोबरची खूण करायची नाही. त्यामुळे अकरा दिवस घराची प्रयोगशाळा झाली होती आणि त्यांच्याजवळ राहणारी विधवा नणंद कावली होती. आमच्या वन्सं कावल्या की बोलत नाहीत, भांडी आपटतात, असं बाई म्हणत. आज मात्र त्या बोलल्या. चहाची गाळणी चुंबकाला चिकटवून ठेवलीस, आता पेलाही घेऊन चाललीस, मी पाणी काय ओंजळीने पिऊ?

पेला हवा होता सातव्या धड्यासाठी. ताटलीत शाई घातलेलं पाणी घ्यायचं, मधोमध पेटती मेणबत्ती उभी करायची, वर काचेचा पेला पालथा घालायचा. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं. पुस्तकात लिहिलं होतं की ज्योत आतला प्राणवायू संपवते आणि त्याची जागा पाणी घेतं. हवेत प्राणवायू साधारण पाचवा भाग, म्हणून पाणीही पेल्याच्या पाचव्या भागापर्यंत चढतं. त्याखाली चौकटीत मॉनिटरने लिहिलं होतं : निर्माणकर्त्याचं माप किती अचूक आहे, हे आपण डोळ्यांनी पाहतो.

हे वाक्य बाईंचंच होतं. शब्दन् शब्द. दरवर्षी त्या हा प्रयोग करून दाखवत आणि मग खडू खाली ठेवून हे वाक्य म्हणत. वर्ग चिडीचूप होई. तो क्षण त्यांना फार आवडे.

घरात वीज जायची म्हणून वन्संनी एका बशीत मेणबत्तीची तीन थोटकं शेजारी शेजारी चिकटवून ठेवली होती. सुटी मेणबत्ती शोधायला उठायचं बाईंच्या जिवावर आलं. त्यांनी तीच बशी घेतली, पाणी ओतलं, तिन्ही पेटवली आणि पेला पालथा घातला.

काठाखालून भुडभुड बुडबुडे आले. ज्योती विझल्या. आणि मग, विझल्यावर, पाणी चढू लागलं. पाचवा भाग ओलांडून ते जवळजवळ निम्म्यावर जाऊन थांबलं.

बाईंनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग दोन थोटकं काढून एकच ठेवलं, तर पाणी पाचव्या भागालाही पोचेना. पेला तोच, हवा तेवढीच, प्राणवायूही तेवढाच. मग पाणी का बदलावं? उत्तर समोर होतं. आच लागून हवा फुगली, बुडबुड्यांनी थोडी बाहेर गेली; ज्योत विझल्यावर उरलेली थंड होऊन आकसली आणि पाणी आत ओढलं गेलं. पाचव्या भागाचा हिशेब कधी खरा नव्हताच.

बाई खुर्चीत बसून राहिल्या. शाळेच्या कपाटात त्यांनी एक मेणबत्ती वेगळी जपून ठेवलेली असे. ठराविक जाडीची. तिनेच पाणी नेमकं खुणेपर्यंत येई. दुसरीने कमीजास्त आलं की त्या म्हणत, ही वाकडी आहे. चौतीस वर्षं उत्तर आधी ठरवून त्यांनी मेणबत्ती निवडली होती.

त्यांनी मॉनिटरला बोलावून घेतलं. ती शाळा सुटल्यावर आली, चप्पल काढायच्या आत काय झालं म्हणून विचारू लागली. बाईंनी प्रयोग करून दाखवला. आधी तीन, मग एक.

मॉनिटरने वाकून पेल्यातलं पाणी बोटांनी मोजलं. मग तिचा चेहरा ताठ झाला. ती म्हणाली, "बाई, हे तुम्हीच शिकवलंत."

"मीच शिकवलं. मीच चुकले."

"उद्या बैठक आहे. मंडळात आधीच म्हणणारे आहेत की विज्ञानाच्या पुस्तकात देव कशाला, आणि दुसरे म्हणतात, देव आहे तर विज्ञान कशाला. त्यांच्या हातात आयतं कोलीत द्यायचं? पुढच्या आवृत्तीत बदलू. मुलं काय तीन मेणबत्त्या लावणार आहेत?"

"एखादी लावेल," बाई म्हणाल्या. "आणि तिला वाटेल, देवाचं माप चुकलं."

स्वयंपाकघरातून वन्सं म्हणाल्या, मॉनिटर तुझी, चूकही तुझी, मग पोरीचा घसा कशाला कोरडा पाडतेस, आधी चहा घे म्हणावं. कोणी हसलं नाही. चहा आला.

अर्धा चहा झाल्यावर मॉनिटर हळूच म्हणाली, "शेवटच्या बाकावर एक मुलगी होती. तिने विचारलं होतं, ज्योत असताना पाणी का चढत नाही, विझल्यावरच का चढतं."

"आठवतं मला."

"तुम्ही तिला म्हणालात, देवाने मोजून दिलंय, तू कोण विचारणारी. मग तिने कधीच काही विचारलं नाही."

बाईंनी मान हलवली. एवढी वर्षं त्यांना तो प्रश्न आठवत होता, मुलीची विटकी रिबनही आठवत होती. स्वतःचं उत्तर तेवढं विसरल्या होत्या.

त्यांनी मंडळाचा कागद ओढला. पुस्तक श्रद्धेला धरून आहे का, यापुढे त्यांनी लिहिलं : आहे, फक्त सातवा धडा सोडून. त्यातलं स्पष्टीकरण खोटं आहे आणि खोट्यावर देवाचं नाव घातलं आहे. ही चूक मूळची माझी, लेखिकेने ती माझ्याकडून विश्वासाने घेतली. पान बदलल्याशिवाय पुस्तक छापू नये. खाली सही केली.

मॉनिटरने कागद वाचला. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग तिने पर्समधून पेन काढलं आणि सातव्या धड्याचं पान पुढ्यात ओढून चौकटीवर एक आडवी रेघ मारली.

"इथे काय लिहू मग?"

"मला विचारू नकोस आता," बाई म्हणाल्या. "करून बघ, आणि दिसेल ते लिही."

बाई आतल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या. पाठ टेकली तरी शीण उतरेना. चौतीस वर्षांत शिकवलेली मुलं कुठे कुठे गेली असतील, त्यातली किती पुढे शिक्षक झाली असतील, असं मनात येत होतं आणि ते तिथेच सोडून द्यावं लागत होतं. बाहेर मॉनिटर वन्संकडे आणखी एक पेला मागत होती, जरा उंच असेल तर बरा. वन्सं कुरकुरल्या. मग काडी ओढल्याचा आवाज आला.